जपानी ॲनिमेतील भडक अभिनय : चित्र थांबते तेव्हा

कागद_पेन्सिल (धागालेखक)

जपानी ॲनिमे, म्हणजे तिथले ॲनिमेशन, नव्याने पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाची तक्रार बहुधा एकच असते : ही माणसे एवढी ओरडतात कशाला? साध्या आश्चर्याने डोळे चेहऱ्याबाहेर येतात, लाज वाटली की गालांवर तांबड्या रेघा उमटतात, राग आला की कपाळावर फुगलेल्या शिरेची खूण दिसते आणि दुःख झाले की अश्रूंचे लोट वाहू लागतात. संयत अभिनय हीच अभिनयाची उंची मानणाऱ्या रसिकाला हे सारे बालिश वाटते. ही तक्रार मी गांभीर्याने घेतो, पण ॲनिमेमध्ये अभिनय नेमका कोण करतो, हा प्रश्न तिच्यात विचारला जात नाही. हा धागा त्या प्रश्नासाठी आहे.

१ जानेवारी १९६३ रोजी फुजी टीव्हीवर ‘तेत्सुवान आतोमु’, म्हणजेच ‘ॲस्ट्रो बॉय’, ही मालिका सुरू झाली. ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनला दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा होता, आणि डिस्नेच्या चित्रपटांप्रमाणे सेकंदाला बारा ते चोवीस चित्रे काढणे त्या वेळात आणि त्या पैशांत शक्य नव्हते. मग एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त आठ चित्रे. पात्र बोलत असताना फक्त तोंड हलवायचे, तेही मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे एवढ्या तीनच चित्रांत. एकदा काढलेले धावणे, उडणे, वळून पाहणे जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरायचे. आणि जिथे जमेल तिथे चित्र सरळ थांबवून ठेवायचे, असे मार्ग निघाले. यातले काही मार्ग आधीही कोणी ना कोणी वापरले होते, पण दर आठवड्याच्या मालिकेचा गाडा त्यांच्यावर चालू शकतो हे या मालिकेने दाखवून दिले आणि पुढचा सगळा धंदा त्याच वाटेने गेला.

अभिनयाच्या दृष्टीने याचा परिणाम फार खोल आहे. जिवंत नटाच्या चेहऱ्यावर एक भाव मावळतो आणि दुसरा उगवतो, त्यामधला संधिकाल आपण पाहतो. संयत अभिनयाची सारी शक्ती त्या मधल्या जागेत असते. मोजक्या चित्रांच्या ॲनिमेशनमध्ये ती मधली जागाच काढून टाकलेली असते. तिथे हा चेहरा असतो आणि नंतर तो चेहरा असतो. अशा वेळी भाव वाचता यावा म्हणून दोन गोष्टी कामाला येतात. पहिली म्हणजे मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, पानावर वाचकांच्या आधीच अंगवळणी पडलेले संकेत : घामाचा मोठा थेंब, कपाळावरची शीर, चेहऱ्यावर उतरलेल्या उभ्या निळसर रेघा. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. चित्र स्थिर असताना वेळ पुढे नेणारा आवाजच उरतो, आणि एरवी चेहरा, मान, खांदे, हात यांच्यात वाटले गेलेले काम तो एकटा करतो. तो मोठा वाटतो याचे मुख्य कारण हे आहे.

याचे मला सर्वांत ठळक वाटणारे उदाहरण म्हणजे ‘क्योजिन नो होशी’ ही १९६८ ते १९७१ या काळातली बेसबॉलवरची मालिका. इक्की काजिवारा यांची कथा आणि नोबोरु कावासाकी यांची चित्रे असलेल्या मांगावर ती बेतलेली होती, आणि तादाओ नागाहामा यांनी ती दिग्दर्शित केली. नायक ह्यूमाच्या बुबुळांत अक्षरशः ज्वाळा पेटतात. बाप आणि मुलगा एकमेकांना मिठी मारून रडतात तेव्हा अश्रू गालांवरून ओघळत नाहीत, नदीसारखे वाहतात. हातातून चेंडू सुटण्याच्या आणि फलंदाजापर्यंत पोहोचण्याच्या मधल्या क्षणात फेकणाऱ्याचे विचार, फलंदाजाचे विचार, आडोशाला उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीची व्याकूळता आणि बापाची आठवण एवढे सगळे मावते. कधी कधी एकाच चेंडूभोवती जवळजवळ अख्खा भाग फिरतो. याला कोणी पैसे वाचवण्याची युक्ती म्हणेल, आणि काही अंशी ती होतीच, परंतु त्या युक्तीतून जे घडले ते प्रत्यक्ष चित्रीकरणाला सहज साधणारे नव्हते : मनातला काळ आणि घड्याळातला काळ यांची फारकत पडद्यावर आली.

ओसामु देझाकी यांनी त्याच तुटपुंज्या साधनांतून याहून सूक्ष्म गोष्ट काढली. ‘आशिता नो जो’ (१९७०) आणि ‘एस ओ नेराए!’ (१९७३) या त्यांच्या मालिका पाहाव्यात. भावनेच्या शिखरावर चालू दृश्य गोठते आणि सेलवरच्या (रंगवलेल्या पारदर्शक पत्र्यावरच्या) सपाट रंगांच्या जागी तेच दृश्य खडबडीत रेघांच्या, हाताने रंगवलेल्या चित्रासारखे होते. कधी एकच हालचाल लागोपाठ तीनदा दाखवली जाते. हा अतिरेकच आहे, पण तो हातवाऱ्यांचा नाही. प्रेक्षकाने या क्षणी थांबून पाहावे, असा आग्रह धरणारा अतिरेक आहे.

माझे म्हणणे असे की ॲनिमेतील भडकपणा ‘जास्त अभिनय’ या एका मापाने मोजू नये. चित्र कुठे थांबले, संकेत कुठे आला, आवाज कुठे चढला आणि या तिघांनी काम आपसांत कसे वाटून घेतले, हे पाहावे. सभासदांनी आपापली उदाहरणे आणि आक्षेप मांडावेत.

रंगपीठ

धागा आवडला. नाटकाचा विद्यार्थी या नात्याने यात थोडी भर घालतो.

भावनेच्या शिखरावर चित्र गोठवणे ही जपानी प्रेक्षकाला टीव्हीने शिकवलेली गोष्ट नाही. काबुकी या जपानच्या पारंपरिक रंगभूमीवर ‘मिए’ नावाचा प्रकार आहे. प्रसंग टोकाला पोहोचला की नट एक जोरकस पवित्रा घेऊन स्तब्ध होतो, डोळे रोखतो, प्रसंगी एक बुबुळ तिरळे करतो. रंगमंचाच्या कडेला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर आपटून त्या क्षणाला ठोका देतो आणि प्रेक्षागृहातले जाणकार नटाच्या घराण्याचे नाव मोठ्याने पुकारतात. पहिला इचिकावा दान्जुरो (१६६० ते १७०४) याच्या नावाशी जोडलेल्या ‘आरागोतो’ या रांगड्या शैलीत याला विशेष महत्त्व आहे. त्या शैलीतल्या पात्रांच्या चेहऱ्यावर लाल-निळ्या रंगाचे जाड पट्टे रंगवलेले असतात, आणि ते ताणलेले स्नायू व शिरा यांचे मोठे केलेले रूप मानले जाते. कपाळावरच्या शिरेची ॲनिमेतील खूण थेट तिथून आली असे मी म्हणणार नाही, कारण तिची वाट मांगामधून येते. एवढे मात्र खात्रीने म्हणता येते की शरीरातल्या खुणा मोठ्या करून चेहऱ्यावर रेखाटणे हा त्या प्रेक्षकवर्गाला परका प्रकार नव्हता.

तुमच्या मुद्द्याला याहूनही जवळची गोष्ट म्हणजे बुन्राकु, म्हणजे ओसाकाची बाहुली-रंगभूमी. तिथे प्रमुख पात्राची बाहुली तीन माणसे मिळून चालवतात. काही बाहुल्यांच्या भुवया, डोळे, तोंड हलते, पण चेहरा मूलतः लाकडाचाच असतो. एका बाजूला शामिसेन हे तंतुवाद्य वाजवणारा आणि त्याच्या शेजारी ‘तायु’, म्हणजे निवेदक, बसतो. बहुतेक प्रसंगांत सर्व पात्रांचे बोलणे, हुंदके, हसणे, दम लागणे आणि वर निवेदन हे सगळे तो एकटा करतो. त्याचे रडणे ऐकले तर ॲनिमेतला आक्रोश सौम्य वाटेल. हसण्याची एखादी जागा तर तो इतकी लांबवतो की प्रेक्षक शेवटी त्याच्या कसबाला दाद देतात. चेहरा जवळजवळ स्थिर, देह दुसऱ्याच्या हातात आणि भावनेचा मोठा भार बाहेरून आलेल्या आवाजावर, अशी ती रचना आहे. धागालेखकांनी ॲनिमेबद्दल जे सांगितले त्याच्याशी ती विलक्षण जुळते.

नागाहामा यांच्याविषयी एक गोष्ट या संदर्भात नोंदवावीशी वाटते. ॲनिमेशनमध्ये येण्यापूर्वी ते ‘हितोमिझा’ या आधुनिक बाहुलीनाट्य संस्थेत काम करत होते. ती बुन्राकुची संस्था नव्हे. तरीही न हलणाऱ्या चेहऱ्याकडून भावना कशी वदवून घ्यायची हा प्रश्न त्यांनी चित्रांच्या आधी बाहुल्यांवर सोडवलेला होता, आणि ‘क्योजिन नो होशी’मधला तो उसळता आवाज मला त्याच तालमीतून आलेला वाटतो.

घरचा_प्रेक्षक

इतिहास समजला आणि तो महत्त्वाचा आहे, परंतु कारण समजल्याने थकवा कमी होत नाही. १९६३ मध्ये पैसे नव्हते, हे मान्य. आज ‘किमेत्सु नो याइबा’ (‘डीमन स्लेअर’) सारख्या मालिकेत चित्रे कमी पडत नाहीत; लढायांच्या दृश्यांत पाणी, ज्वाळा आणि तलवारी इतक्या सफाईने हलतात की डोळे दिपतात. तरीही झेनित्सु हे पात्र भागामागून भाग किंचाळत राहते आणि नायक तान्जिरो आपल्याला काय वाटते आहे ते शब्दांत सांगत राहतो. साधन बदलले, तरी सवय का राहिली? शैली म्हणून आपण जिचे समर्थन करतो आहोत ती आता केवळ रूढी झाली आहे, असे का म्हणू नये?

ध्वनिलहर

घरचा_प्रेक्षक यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तराचा एक भाग ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीत सापडतो. मी या क्षेत्राजवळ काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अमेरिकेतील मोठ्या ॲनिमेशनपटांमध्ये संवाद आधी मुद्रित होतात आणि चित्रकार त्या आवाजावर चेहरा बेततात. जपानमध्ये सर्वसाधारण पद्धत उलटी आहे. चित्र आधी, आवाज मागून. तिथे याला ‘आफुरेको’ म्हणतात. कलाकार स्टुडिओत पडद्यासमोर उभे राहतात, मोजके मायक्रोफोन असतात आणि आपले वाक्य आले की पुढे होऊन बोलून मागे सरकायचे असते. अनेकदा त्या वेळी चित्र पूर्णही नसते आणि कच्च्या रेखाटनांवर बोलावे लागते. वाक्य किती सेकंदांत बसवायचे हे चित्राने आधीच ठरवलेले असते. अशा परिस्थितीत कलाकार श्वास, दचकणे, दात आवळणे, गिळणे अशा लहान लहान ध्वनींनी पात्राला शरीर देतो. पात्राने नुसते वळून पाहिले तरी एक छोटा ‘हं’ ऐकू येतो. प्रत्यक्ष माणूस असे करत नाही, हे खरे. पण चित्राला फुप्फुसे नसतात, आणि ती या ध्वनींमधून मिळतात.

अशा घडवलेल्या आवाजाची किंमतही असते. अकिको याजिमा यांनी १९९२ पासून शिन-चान या खोडकर मुलाचा तो संथ, घरंगळणारा आवाज दिला आणि २०१८ मध्ये ती भूमिका सोडली. आवाज घडवण्याकडेच सारे लक्ष जाऊ लागल्याने पात्राची स्वाभाविक अभिव्यक्ती निघणे कठीण होऊ लागले, असे कारण त्यांनी दिले होते. इतक्या वर्षांच्या यशानंतर इतक्या प्रामाणिकपणे असे सांगणाऱ्या कलाकाराविषयी मला अतिशय आदर वाटतो. भडक आवाजामागेही ‘स्वाभाविक’ असे काहीतरी असते आणि ते हरवले की कलाकाराला आधी कळते, हे त्यांच्या बोलण्यातून दिसते.

सगळ्यांनी हीच वाट धरली असेही नाही. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी अनेकदा व्यावसायिक आवाज-कलाकारांना टाळून इतरांना घेतात. ‘तोनारी नो तोतोरो’मध्ये (१९८८) वडिलांचा आवाज लेखक शिगेसातो इतोई यांचा आहे, आणि ‘काझे ताचिनु’मध्ये (२०१३) नायकाचा आवाज दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांचा. आन्नो यांचे बोलणे इतके सपाट आहे की काही प्रेक्षकांना तो अभिनयच वाटला नाही. मला तो त्या अबोल अभियंत्याला चपखल वाटतो, पण चित्र मियाझाकींच्या स्टुडिओसारखे समृद्ध असेल तरच हे परवडते. तिथे वारा, कपडे, केस सगळेच बोलत असते. तीनच ओठांच्या चित्रांवर तो आवाज ठेवून पाहिला तर पात्र निर्जीव होईल.

एक जवळचे उदाहरणही देतो. १९८९ ची जपानी ‘जंगल बुक’ मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली, तेव्हा शेरखानला आवाज नाना पाटेकर यांचा होता. मराठी रंगभूमीवर घडलेल्या त्या आवाजातली धार, मध्येच घेतलेले थांबे आणि खालच्या पट्टीतली गुरगुर आठवून पाहा. त्या चित्रातला वाघ फारसा हलत नाही. आपल्याला वाटलेली भीती आवाजाने घातलेली होती, आणि त्या वयात ‘हे जरा जास्त होते आहे’ असे आपल्याला वाटले नव्हते.

कागद_पेन्सिल (धागालेखक)

ध्वनिलहर, तुमच्या प्रतिसादाने माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला गेला. त्याला धरून इसाओ ताकाहाता यांच्याविषयी लिहितो, कारण ही घडी मोडून पाहणारा त्यांच्याइतका चिकाटीचा दिग्दर्शक मला दुसरा माहीत नाही.

‘ओमोइदे पोरोपोरो’ (१९९१) या चित्रपटात त्यांनी नायिका ताएकोच्या मोठेपणीच्या भागांसाठी संवाद आधी मुद्रित केले आणि नटांच्या चेहऱ्यांच्या आधाराने चित्रे काढून घेतली. हसताना गालांचे स्नायू वर सरकतात त्याच्या रेघा त्या चेहऱ्यांवर आहेत. त्या काळच्या ॲनिमेमध्ये हे इतके अपरिचित होते की आजही काही प्रेक्षकांना त्या रेघा खुपतात. तरुण बाई वयस्क दिसते, अशी तक्रार होते. म्हणजे चेहरा खरोखर अभिनय करू लागला, तर डोळ्यांना तोच परका वाटतो. त्याच चित्रपटात १९६६ सालच्या बालपणाचे प्रसंग येतात ते कडेला फिकट होत जाणाऱ्या रंगांत आणि साध्या, गोल चेहऱ्यांत. आवडत्या मुलाने दोन शब्द बोलल्यावर लहान ताएको हवेत पायऱ्या चढावी तशी वर जाते आणि आकाशात पोहू लागते. वास्तववादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिग्दर्शकाने बालपणाच्या आनंदासाठी मांगाचा मोकळा अतिरेक निवडला, आणि मोठेपणासाठी गालांच्या रेघा निवडल्या. दोन्ही निवडी जाणून केलेल्या आहेत, आणि मला तरी एकीवाचून दुसरी अपुरी वाटते.

‘कागुया-हिमे नो मोनोगातारी’मध्ये (२०१३) तर अतिरेक चेहऱ्यावरून निघून रेघेतच शिरतो. मेजवानीत दारू प्यालेल्या पाहुण्यांचे बोलणे पडद्याआडून ऐकून नायिका कागुया धावत सुटते, वस्त्रांचे थर मागे गळत जातात आणि चित्र कोळशाने ओरखडावे तसे तुटत, फाटत जाते. ॲनिमेटर शिंजी हाशिमोतो यांचे ते काम आहे. किंकाळी नाही, घामाचा थेंब नाही, तरी त्याहून उसळते दृश्य मी ॲनिमेमध्ये पाहिलेले नाही. याही चित्रपटाचे संवाद आधी मुद्रित झाले होते. म्हाताऱ्या बापाला आवाज देणारे ताकेओ चिई चित्रपट येण्यापूर्वी, २०१२ मध्येच, वारले, तरी त्यांचा आवाज त्यात आहे.

मियाझाकी या बाबतीत ताकाहातांपेक्षा जुन्या वाटेला जवळचे आहेत. भावना उसळली की त्यांच्या पात्रांचे केस वाऱ्याशिवाय फुलून उभे राहतात. ‘सेन तो चिहिरो’मध्ये (‘स्पिरिटेड अवे’, २००१) मित्र हाकुने दिलेले भाताचे गोळे खाताना नायिका चिहिरो रडते, तेव्हा तिचे अश्रू प्रमाणाबाहेर टपोरे आहेत. ते तसे नसते, तर तोपर्यंत तिने दाबून ठेवलेल्या भीतीचे वजन कळले नसते, असे मला मनापासून वाटते.

अर्धविराम

चर्चा वाचून शंका आली. जपानी समाजात भावना उघड दाखवत नाहीत, म्हणून ती कोंडलेली वाफ ॲनिमेमधून बाहेर पडते, असे अनेक ठिकाणी वाचले आहे. त्यात कितपत तथ्य असावे?

रंगपीठ

अर्धविराम, ते स्पष्टीकरण ऐकायला सोपे आहे, पण तपासायला घेतले की टिकत नाही. तसे असते तर अतिरेक ॲनिमेपुरताच राहिला असता आणि माणसांच्या नाटक-मालिकांमध्ये सगळे संयत असते. प्रत्यक्षात ‘हान्झावा नाओकी’ ही बँकेतल्या सूडाची मालिका पाहा. २०१३ मध्ये तिच्या शेवटच्या भागाला तोक्योच्या परिसरात ४२.२ टक्के प्रेक्षकसंख्या लाभली. त्यात काबुकीतून आलेले काताओका आइनोसुके यांच्यासारखे नट आहेत. डोळे वटारणे, ओठ थरथरणे, नाकाला नाक भिडेपर्यंत चेहरा पुढे नेणे, गुडघे टेकून माफी मागण्याचा प्रसंग मिनिटभर ताणणे हे सगळे जिवंत चेहऱ्यांनी केलेले आहे. दुसरीकडे यासुजिरो ओझू यांच्या चित्रपटांतला संयमही त्याच समाजातला. एका समाजाला एकच स्वभाव चिकटवला की या दोहोंपैकी एक तरी समजेनासे होते.

स्पष्टीकरण हवे असेल तर ते नाट्यपरंपरेत शोधावे, असे मला वाटते, आणि इथे भरताच्या परिभाषेचा उपयोग होतो. इतिहासाचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. केवळ पाहण्याचे साधन म्हणून सांगतो. नाट्यशास्त्र लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद करते, आणि जे व्यवहारात घडत नाही पण रंगभूमीवर संकेताने मानले जाते ते नाट्यधर्मी. त्याचबरोबर आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. आता ॲनिमेतील खुणा या यादीशेजारी ठेवून पाहा. पात्र पांढरे पडून दगडासारखे थिजते तो स्तंभ. घामाचा थेंब हा स्वेद, मियाझाकींचे उभे राहणारे केस हा रोमांच, फाटलेली किंकाळी हा स्वरभेद, नागमोडी झालेली बाह्यरेषा हा वेपथू, चेहऱ्यावरच्या निळ्या उभ्या रेघा हे वैवर्ण्य. अश्रू तर उघडच आहेत, आणि धाडकन मूर्च्छा येणे हा प्रलय. जे शरीरात आपोआप घडते आणि नटाला ठरवून आणणे सर्वांत कठीण जाते, तेच चित्रकाराला एका रेघेत साधते. म्हणून त्याने ते हक्काने वापरले. नटाची जिथे कसोटी लागते तिथे चित्रकाराला मोकळे रान आहे, आणि धोकाही तिथेच आहे, कारण कष्टाविना आलेला सात्त्विक भाव लवकर स्वस्त होतो.

जुना_प्रेक्षक

‘क्योजिन नो होशी’चा विषय निघाला आहे तर तिच्या भारतीय अवताराची आठवण करून देतो. डिसेंबर २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ सुरू झाली. तीच कथा, पण बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणि नायक मुंबईच्या वस्तीत वाढलेला मुलगा. मूळ मालिकेत बाप मुलाला स्प्रिंगांचे जोखड अंगावर चढवून सराव करायला लावतो; इथे त्याऐवजी सायकलच्या ट्यूब आल्या. बाप-मुलातला ताण, ताणलेला चेंडू, पेटलेली नजर हे सारे तसेच ठेवले होते.

क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या मुंबईत ही मालिका रुजायला हवी होती, पण तिची आठवण फार थोड्यांना आहे. याचे एक कारण मला असे वाटते की १९६८ च्या हाताने काढलेल्या खरखरीत रेघांमध्ये तो अतिरेक शोभत होता. रेघ स्वतःच तापलेली होती. नव्या गुळगुळीत चित्रांत पात्रे तेवढीच तापली, रेघ मात्र थंड राहिली. कथानक आणि संवाद उचलता येतात, पण अभिनयाची पट्टी चित्राच्या पोतावर अवलंबून असते.

ध्वनिलहर

जुना_प्रेक्षक, पोताचा मुद्दा शंभर टक्के पटला. त्याला पुष्टी म्हणून सातोशी कोन यांचा ‘तोक्यो गॉडफादर्स’ (२००३) सुचवतो. तोक्योचे रस्ते, कचऱ्याचे ढीग, बर्फ हे सर्व तिथे अत्यंत वास्तव आहे, आणि त्या वास्तवात बेघर हानाचा चेहरा रबरासारखा ताणला जातो, दात विचकतो, क्षणात वितळतो. मोजक्या चित्रांची सक्ती नसतानाही कोन यांनी अतिरेक निवडला, कारण त्या बाईचा स्वभावच मोठ्या आवाजाचा आहे. शेजारी उभे असलेले दोघे तिच्याइतके ताणले जात नाहीत, त्यामुळे तो अतिरेक चित्रपटाचा न राहता त्या एका व्यक्तीचा होतो.

अतिरेक उलट्या दिशेनेही जातो, याचाही उल्लेख व्हायला हवा. आन्नो यांच्याच ‘इव्हान्गेलियन’ या मालिकेच्या (१९९५-९६) बाविसाव्या भागात आसुका आणि रेइ या दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत आणि जवळजवळ मिनिटभर काहीही हलत नाही, कुणी बोलत नाही, केवळ लिफ्टचा आवाज. तेझुकांच्या काळात थांबलेल्या चित्राला आवाजाने सावरले. इथे आन्नो यांनी तो आधारही काढून घेतला. त्या शांततेत प्रेक्षक जितका अस्वस्थ होतो तितका कोणत्याही किंकाळीने होत नाही.

घरचा_प्रेक्षक

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझी तक्रार मी मागे घेत नाही, पण या चर्चेमुळे ती अधिक नेमकी करता येते.

किंचाळण्याबद्दल माझा आक्षेप आता उरलेला नाही. ‘किमेत्सु नो याइबा’चाच २०२० चा ‘मुगेन रेश्शा-हेन’ हा चित्रपट घ्या. जपानमध्ये ४० अब्ज येनांहून अधिक उत्पन्न मिळवून त्याने ‘सेन तो चिहिरो’चा विक्रम मोडला. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढची दोन वाक्ये वगळावीत.) शेवटी पहाट होत असताना राक्षस पळून जातो आणि तान्जिरो त्याच्या पाठीमागे गळा फाटेपर्यंत ओरडत राहतो की त्याच्याशी लढलेला रेन्गोकु हरलेला नाही. नात्सुकी हानाए यांचा आवाज तिथे चिरकतो, श्वास तुटतो, शब्द रडण्यात बुडतात, आणि तो आक्रोश कमी करावा असे मला एकदाही वाटले नाही, कारण जखमी मुलाच्या हातात त्या क्षणी ओरडण्यापलीकडे काहीच उरलेले नाही.

माझा आक्षेप आहे तो भावना शब्दांत सांगून टाकण्याला. पात्र भिऊन थिजले आहे हे चित्राने दाखवले, आवाजाने दाखवले, आणि तरीही ते मनातल्या मनात ‘मला भीती वाटते आहे, पाय हलत नाहीत’ असे सांगते. मांगाच्या पानावर आवाज नसतो आणि वाचक एका चौकटीवर रेंगाळतो, म्हणून तिथे ते वाक्य लागते. पडद्यावर तेच वाक्य जसेच्या तसे आणले की काम तिसऱ्यांदा होते. धागालेखकांच्या मापाने पाहिले तरी ही कामाची वाटणी नव्हे, पुनरुक्ती आहे. मूळ मांगाशी एकनिष्ठ राहण्याचा आजचा आग्रह, आणि एखादे वाक्य गाळले तर नाराज होणारा वाचकवर्ग, याला बराचसा जबाबदार असावा असे मला वाटते. रंगपीठ यांनी वर्णन केलेला तायुसुद्धा निवेदन करतो, पण तो बाहुलीच्या मनात शिरतो तेव्हा तिचा चेहरा लाकडाचा असतो. आजच्या ॲनिमेचा चेहरा तसा राहिलेला नाही, आणि तरीही निवेदन कमी झालेले नाही. यावर ध्वनिलहर आणि रंगपीठ यांचे मत वाचायला आवडेल.